पुसलेली नळी

नळी पुसायची फेल्टची पांढरी, मऊ गोळी पिस्तुलाच्या नळीतून बाहेर पडली ती काळीकुट्ट होऊन. प्रांजलनं दुसरी घातली, ती करड्या रंगाची निघाली. तिसरी जवळजवळ पांढरीच. तिनं एअर पिस्तूल पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि वापरलेल्या गोळ्या कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकल्या. क्लबाखाली रस्त्यावर सरांच्या गाडीचा हॉर्न वाजत होता.

कुणी पाहिलं असतं तरी काय म्हटलं असतं? पोरगी स्पर्धेआधी पिस्तूल साफ करतेय, एवढंच. शिरूरच्या त्या छोट्या नेमबाजी क्लबात धड असं एकच पिस्तूल होतं आणि त्याची निगा प्रांजलकडेच होती. पण सत्यजीत सरांनी तिला पुन्हा पुन्हा बजावलं होतं : हजारभर छर्रे मारून झाले की मगच नळी साफ करायची, आणि स्पर्धेच्या आठवड्यात तर तिला हातही लावायचा नाही. पुसलेल्या नळीत शिशाचा पातळ थर पुन्हा धरावा लागतो. तोवर छर्रे वाट्टेल तिकडे जातात.

आज दौंडला पहिल्या फेरीत करुणा याच पिस्तुलानं मारणार होती आणि दुसऱ्या फेरीत प्रांजल. राज्य स्पर्धेसाठी क्लबातून दोघींपैकी एकीचंच नाव जाणार होतं.

करुणा क्लबात आली ती गेल्या वर्षी. पिस्तूल कसं धरायचं, श्वास कुठं थांबवायचा, सगळं तिला प्रांजलनंच दाखवलेलं. आणि आता सरावात रोज करुणाच पुढं असायची. प्रांजलचं ज्युनिअर गटातलं हे शेवटचं वर्ष. करुणाची एक खोड तिला पक्की ठाऊक होती. छर्रा जरा बाजूला गेला की ती घाबरायची आणि पिस्तुलावरचे नेम जुळवायचे स्क्रू फिरवत सुटायची. मग सगळंच बिघडत जायचं.

गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली. पुढं उसाच्या ट्रॉल्या लागल्या. गाडी अडली की प्रांजलला बरं वाटायचं, सुटली की नको वाटायचं. सांगून टाकावं का? अजून वेळ होता. सरांना नाही, निदान करुणाला तरी. तिनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा खिडकीबाहेर पाहिलं.

शेजारी बसलेल्या करुणानं तिचा हात हातात घेतला. “किती गार पडलेत गं हात. बोल की काहीतरी.”

“काय न्हाई. झोप झाली न्हाई रात्री,” प्रांजल म्हणाली.

 करुणानं तिचा हात सोडला.

दौंडच्या हॉलमध्ये पहिली फेरी पुकारली गेली. गुण मोजायला सुरुवात होण्याआधी सरावाचे छर्रे मारायला वेळ असतो. करुणाचा पहिला छर्रा कागदाच्या काठाशी गेला, दुसरा पार उलट्या बाजूला. मागच्या खुर्चीत सत्यजीत सर ताडकन सरळ झाले. करुणाचा हात स्क्रूकडं गेला.  आत्ताच धावत जावं, ओरडावं असं प्रांजलला वाटलं. पण ती जागची हलली नाही.

करुणाचा हात स्क्रूवरून मागं आला. तिनं पिस्तूल पुन्हा उचललं आणि छर्रा मारला. पुन्हा एक. मग पुन्हा. बाकीच्या मुली हात खाली सोडून दम घेत होत्या, ही थांबतच नव्हती. सरावाची वेळ संपेपर्यंत ती मारत राहिली. हळूहळू छर्रे मधल्या काळ्या वर्तुळात एकमेकांजवळ पडू लागले.

गुणांचे छर्रेही तिनं चांगले मारले. पण शेवटी शेवटी तिचा थकलेला खांदा खाली येऊ लागला आणि गुण घसरले. रोजच्या सरावाइतकेही झाले नाहीत.

ती बाहेर आली तसे सर तिच्यावर तुटून पडले. “नळी कुणी साफ केली? पहिले छर्रे बघूनच कळलं मला. कुणी केली?”

प्रांजल दोन पावलांवर उभी होती.

“मी केली, सर,” करुणा म्हणाली. “ध्यानात न्हाई राहिलं.”

“ध्यानात नाही राहिलं? अगं, वर्षभराची मेहनत पाण्यात घातलीस! पुढच्या वर्षी बघू आता.” सर तणतणत पंचांच्या टेबलाकडं निघून गेले.

करुणानं पिस्तूल पेटीत ठेवलं आणि पेटी प्रांजलसमोर सरकवली. “नळीत थर बसलाय आता. तुझे छर्रे जागेवर जातील. मार नीट.”

प्रांजलनं पेटीवरून वर पाहिलं. “तुला... तुला ठाऊक हुतं?”

“सकाळी पाण्याची बाटली न्यायला वर आले हुते. दारातनं बघितलं.”

“मग गाडीत बोलली का न्हाईस?”

“तू सांगशील म्हणून वाट बघत हुते,” करुणा म्हणाली आणि दुखरा खांदा चोळत भिंतीशी जाऊन बसली.

दुसऱ्या फेरीसाठी प्रांजलचं नाव पुकारलं गेलं. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं. तिनं पेटी होती तिथंच ठेवली आणि हॉल ओलांडून ती पंचांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. सरांनी चिडून वर पाहिलं.

“सर,” ती म्हणाली, “करुणा खोटं बोलली.”