वेलचीचा वास

"आ कर," मी नवऱ्याला रोजच्यासारखं म्हटलं. निरंजनने मुकाट्याने तोंड उघडलं. वेलचीचा वास. म्हणजे दारू लपवायला वेलची चघळलेली!

"घेतली नाही गं, तुझी शपथ." पण जीभ जड, पाय लटपटत. डिप्रेशनच्या गोळ्यांवर दारू थेंबभरही नको, दोन्ही मिळून मेंदूला गुंगी आणतात, हे डॉक्टरांनी मलाच बजावलं होतं. मी स्कूटरची डिकी, माळा, फ्लशची टाकीसुद्धा धुंडाळली. बाटली सापडली नाही.

शेवटी त्याला डॉक्टरांपुढे नेलं. "विचारा, कुठे लपवतो ते."

त्यांनी मलाच विचारलं, "गोळ्यांबरोबर आणखी काय देता?"

"काही नाही. द्राक्षासव, ताकदीला. दोन्ही जेवणांनंतर. फारच मलूल दिसतो, म्हणून हल्ली दुप्पट देते."

"ताई, द्राक्षासव आंबवून करतात. त्यात दारू असते."

निरंजनने नुसती माझी पिशवी उचलून खांद्याला लावली. रागावला असता तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर मी बाटली मोरीत ओतली. वेलचीचा वास घरभर पसरला. जेवण झालं, तसा तो सवयीने माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि मी काही म्हणायच्या आत त्याने आ केला.