अकराचं विमान

"कुठवर आलं गं?" आईने डोळे न उघडताच विचारलं.

"सतराशे किलोमीटर राहिले. समुद्र संपला," लेकीने मोबाइलकडे बघत सांगितलं. मोबाइल बंद पडून तास झाला होता.

नऊ वाजले होते. बाराला ऑपरेशन होतं आणि संमतीच्या कागदावर आईची सही अजून नव्हती. तिचा हट्ट एकच. धाकटा विमानातून उतरल्याचं कळू दे, मग हवं ते कापा. आणखी एक दिवसही थांबणं धोक्याचं आहे, असं सांगून डॉक्टरांनी हात टेकले होते.

धाकटा येणार नव्हता. "रजाच नाही गं ताई. तू आहेस ना तिथे," असं काल फोनवर म्हणून तो मोकळा झाला होता. ताई आहेच! ताई जाते कुठे? फोन ठेवून ती खोलीत आली आणि म्हणाली, "आठला बसला तो विमानात. तेरा हजार किलोमीटर, पंधरा तास. सकाळी अकराला उतरेल." खोटं अगदी सफाईने निघालं. वीस वर्षं विमानाच्या तिकिटांच्या खिडकीवर बसून ती हेच तर सांगत आली होती. आई नुसती "बरं" म्हणाली.

मग तासातासाला तोच प्रश्न. लेकीने खुर्चीत बसल्या बसल्या विमान डोंगरांवरून नेलं, वादळातून काढलं, धाकट्याला जेवू घातलं, झोपवलं. तिच्या स्वतःच्या पोटात कालपासून चहाशिवाय काही नव्हतं. पाठीचा पार भुगा झाला होता. इतकी दमली होती, की भावाचा रागसुद्धा येईनासा झाला होता.

अकराच्या ठोक्याला ती म्हणाली, "उतरला."

आईने डोळे उघडले.

"जायला पंधरा लागतात, बाई. यायला सतरा. येताना वारा समोरून असतो. तू जाणाऱ्यांची तिकिटं काढतेस, तुला जायचंच पाठ. अकरा वर्षं यायचे तास मोजतेय मी."

लेकीने सहीविना पडलेल्या कागदाकडे पाहिलं. संपलं. आता कसली सही!

"मग कालच का नाही बोललीस?" तिने कसंबसं विचारलं.

"तू सांगत होतीस तोवर येत होता ना तो."

लेकीचे डोळे भरून आले.

आईने उशाचा चष्मा चाचपून डोळ्यांवर चढवला आणि हात पुढे केला.

"आण तो कागद. आणि मला आत नेलं, की या पलंगावर आडवी हो. रात्रभर एकटीने विमान चालवलंस."