दूधसंघाचा नवा साहेब

सत्काराचा हार गळ्यात असतानाच दूधसंघाचे माजी मॅनेजर खासनीस दुधाच्या टाकीवरचा तापमानाचा आकडा पाहून ओरडले, “ढमढेरे, दूध गार करणारा चिलर बंद पडलाय! दूध नासेल. दुसरा चालू कर!”

ऑपरेटर ढमढेरे जागचा हलला नाही. त्याने भिंतीवरच्या स्पीकरला विचारलं, “साहेब, करू का?”

निवृत्त होताना खासनीसांनी आपल्याच पंचवीस वर्षांच्या हुकमांवरून घडवून घेतलेलं यंत्र आता संघ चालवत होतं.

“विचारल्याशिवाय बोलायचं नाही,” स्पीकरमधून खासनीसांचाच आवाज गरजला. “आणि त्या बाहेरच्या माणसाला आधी हाकला.”

“अरे, मीच तुला शिकवलंय!”

“उलट उत्तर नको.”

“ढमढेरे, तुला तरी आकडा दिसतोय ना?”

“सकाळपासून दिसतोय,” ढमढेरे म्हणाला. “पण डोकं गेटवर ठेवून यायचं, असं तुम्हीच सांगितलं होतंत.”