मॉरिस निघायचा मुहूर्त

मॉरिस गाडीच्या टाकीतून जे निघालं त्याला पेट्रोल म्हणायला जीभ रेटत नव्हती. काळपट, चिकट, आंबलेल्या वार्निशच्या वासाचं. गुणपाल मिस्त्रीने ते जुन्या डब्यात धरलं आणि मागच्या सीटखालून उंदरांचं घरटं उपसलं. गाव त्याला गुणपाल बास, म्हणजे उस्ताद, म्हणे.

"अक्का, भाडेकरू बरेच ठेवलेत की," तो म्हणाला.

कुसुमा हसली नाही. ती टॉर्च धरून उभी होती.

ओसरीवर वेताच्या खुर्चीत तिचे थात्ता, म्हणजे वडील, बसले होते. निवृत्त पोस्टमास्तर, मातर गावात सगळ्यांच्या ओळखीचे. "नाही निघायची ती," ते तिथूनच म्हणाले. "तुझी अम्मा गेली त्याच वर्षी तिचाही जीव गेलाय."

पण निघायला तर हवीच होती. बदुल्लाचे रत्नसिरी मास्तर, विधुर, बरीच वर्षं कुसुमासाठी थांबले होते. आता त्यांनी निरोप धाडला होता: नव्या वर्षापर्यंत हो की नाही ते कळव, त्यापुढे थांबणं या वयात शोभत नाही. तिचा कँडीचा भाऊ थात्तांना ठेवून घ्यायला तयार होता. घोडं अडलं होतं ते थात्तांना तिथवर नेण्यापाशी. एकदा बस दरीत जाता जाता वाचली, तेव्हापासून ते स्वतःच्या मॉरिस मायनरशिवाय कशातही पाय ठेवत नसत. "परक्या गाडीत मी मेल्यावर बसेन," असं ते म्हणायचे. आणि मॉरिस तर शेडमध्ये विटांवर चढून बसलेली. थोडक्यात, कुसुमाचं लग्न कार्ब्युरेटरमध्ये अडकलं होतं.

अम्मा गेल्यापासून तिचे दिवस एकाच साच्याचे होते. पहाटे थात्तांचा काळा चहा आणि गुळाचा खडा, दुपारी मऊ भात, संध्याकाळी पायाला तेल. भावाकडे ती शेवटची कधी राहिली होती हे तिला आठवून सांगावं लागलं असतं. म्हाताऱ्याने पोरीला खुंटीला बांधून ठेवलंय, असं लोक बोलत, आणि कुसुमा ते ऐकून घेई.

बासने ब्रेक मोकळे केले, टाकी धुतली, प्लग बदलले, नवी बॅटरी घातली. एका दुपारी मॉरिस खोकली, थरथरली आणि चालू झाली. कुसुमा ओल्या हातांनी उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"चालली," ती म्हणाली. एवढंच.

थात्तांनी पंचांग पाहून मुहूर्त काढला. मुहूर्तावाचून ते दाढीदेखील करत नसत. त्या सकाळी कुसुमाने नारळाच्या दुधातला सणाचा भात, किरिबत, रांधला, ट्रंक डिकीत ठेवली. बासने चावी फिरवली. इंजिन नुसतंच घरघरलं. त्याने बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं आणि थबकला. आतला रोटर नव्हता. दोन बोटांत मावेल एवढा तुकडा, पण तो नसला की गाडी म्हणजे नुसता पत्रा.

"शेडला कुलूप नव्हतं?"

"होतं," कुसुमा म्हणाली. "किल्ली ओसरीतल्या खिळ्याला असते."

"आणि महत्तया?" थात्तांना तो मानाने असंच म्हणे.

"थात्ता रात्री उठतात कधीकधी."

बासने ओसरीकडे पाहिलं. थात्ता मान खाली घालून किरिबत खात होते. "मुहूर्त गेला," ते म्हणाले. "सामान उतरवा."

बासने कोलंबोहून दुसरा रोटर आणला. दुसरा मुहूर्त निघाला. पुन्हा किरिबत, पुन्हा ट्रंक, आणि पुन्हा रोटर गायब. या वेळी बासचा तोल गेला.

"महत्तया, तुमचं वय पुण्य जोडायचं. लेकीच्या वाटेत कशाला आडवे येताय?"

थात्तांनी कुसुमाकडे बराच वेळ पाहिलं. ती डिकीतून ट्रंक ओढून काढत होती.

"म्हातारपणी माणूस लोचट होतो, बास," ते म्हणाले. "काय करणार."

तिसरा रोटर बासने कुसुमाच्या हातात दिला. "हा तुमच्यापाशीच राहू द्या, अक्का. नव्या वर्षाचा प्रवासाचा मुहूर्त येतोय, त्या सकाळी मी येऊन बसवतो. तोवर कुणाच्या दृष्टीला पडू देऊ नका."

कुसुमाने मूठ मिटली. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

एप्रिलात जुनं वर्ष सरलं. नवं पुरतं लागेपर्यंतचा मधला काळ म्हणजे नोनगत. तेव्हा चुली थंड असतात, कुणी कामाला हात लावत नाही, वेशीबाहेर पडत नाही. सगळं गाव पांढरे कपडे घालून विहारात गेलं. कुसुमाही गेली. ती दिसेनाशी झाल्यावर थात्तांनी बासला बोलावून घेतलं.

"गाडी काढ. कँडीला सोड मला."

"आत्ता? नोनगतात माणसं चूल पेटवत नाहीत, आणि तुम्ही इंजिन पेटवायला सांगताय?"

"आत्ताच. मी नोनगतात निघेन असं तिला स्वप्नातही वाटणार नाही."

"अक्का नाही यायच्या?"

"तिने बदुल्लाला जायचं. इथे मी उरलो नाही म्हणजे तिला थांबायला कारण उरणार नाही."

बास डोकं खाजवत राहिला. या माणसाने पंचांग मोडलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. "पण रोटर अक्कांकडे आहे."

"तिच्या शिवणयंत्राचा खालचा खण बघ. मला वाकवत नाही."

बास आत गेला. खणात रिळांच्या मागे फडक्याचं गाठोडं होतं. त्याने ते सोडलं. आत तीन रोटर होते.

तो बाहेर आला तेव्हा थात्ता मॉरिसच्या मागच्या सीटवर काठी धरून बसले होते. त्यांनी त्याच्या हाताकडे पाहिलं नाही.

"बसव एक," ते म्हणाले. "आणि तिने विचारलं, तर सांग, म्हाताऱ्याने चोरलेले दोन म्हाताऱ्यानेच परत दिले."