कुंपणाचं माप

"छातीपर्यंतच हं," बायकोने पायरीवरून पुन्हा बजावलं. "नर्सबाईंच्या खिडकीतून तुमची खुर्ची दिसली की झालं."

मास्तरांनी मान हलवली. दोन्ही टोकांच्या खांबांना दोरी बांधली, एक डोळा मिटून ती सरळ आहे का ते पाहिलं आणि कात्री हातात घेतली. चाळीस वर्षं त्यांनी टेलरिंगचं दुकान चालवलं होतं. खूण केल्याशिवाय कापडाला कात्री लावली नाही, तर मेंदीला कशी लावतील?

मेंदीचं कुंपण डोक्याच्या वर गेलं होतं, आणि ते काही आपोआप नव्हे. शेजारच्या निवृत्त नर्सबाई पूर्वी येताजाता त्यावरून डोकावून विचारायच्या, "मास्तर, गोळी घेतली का?" या चौकशीचा मास्तरांना भारी राग. तोंडावर बोलायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी दोन वर्षं मेंदी छाटलीच नाही.

उद्या बायकोला पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. चार दिवस. तारीख तिने दोनदा पुढे ढकलली होती आणि आता आणखी थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मास्तरांना एकटं सोडून जायला तिचा जीव धजत नव्हता. दोन महिन्यांत ते दोनदा चक्कर येऊन पडले होते. विचारलं की म्हणायचे, "पडलो कुठे? जरा टेकलो होतो." लेक येऊन राहते म्हणाली, तर तिला उडवून लावलं. सोबतीला माणूस ठेवायचा विषय काढला, तर दोन दिवस अबोला धरला. शेवटी कुंपणावर तडजोड झाली. कुंपण उतरवायचं, मास्तरांनी दिवसभर अंगणात बसायचं आणि नर्सबाईंनी खिडकीतून लक्ष ठेवायचं. यावर मास्तर नुसतं "बरं" म्हणाले होते, आणि त्यांच्या "बरं"चा अर्थ लावण्यात तिचा निम्मा संसार गेला होता.

ती आत जाऊन बॅग भरू लागली. रिपोर्टांची फाइल, दोन गाऊन, टॉवेल. गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून तिने कागद फ्रिजला चिकटवला. बाहेर कात्री एका लयीत चालत होती. तो आवाज ऐकून तिला जरा धीर आला.

तासाभराने आवाज थांबला. ती दारात आली आणि चौकट धरून उभी राहिली.

कुंपण घोट्याच्या जरा वर उरलं होतं. हिरवं सगळं गेलं होतं, नुसते करड्या काड्यांचे खुंट. नर्सबाईंच्या ओट्यावरच्या चपलासुद्धा इथून दिसत होत्या.

"अहो, हे काय करून बसलात?"

मास्तर कात्रीची पाती फडक्याने पुसत होते.

"छातीपर्यंत म्हणाले होते मी. सकाळपासून तीनदा सांगितलं."

"ऐकलं की."

या माणसाचं माप कधी बोटभर चुकलं नव्हतं. आता त्याला छाती आणि घोटा यांतला फरक कळेनासा झाला असेल, तर नुसतं चक्कर येण्यावर हे थांबलेलं नाही. चार दिवस काय, याला चार तासही एकटं ठेवता यायचं नाही. ती घाबरली होती, आणि घाबरली की ती भराभर निर्णय घ्यायची.

"मी उद्या जात नाही," ती म्हणाली आणि तिने फोन उचलला. "डॉक्टरांना कळवते."

"फोन ठेव," मास्तर म्हणाले. "आधी माप बघू दे."

त्यांनी कात्री खुर्चीखाली सरकवली. मग खुर्चीचा हात धरून ते सावकाश खाली वाकले, गुडघे टेकले आणि अंगणातल्या मातीत चक्क आडवे झाले. ती धावत पायऱ्या उतरली. त्यांनी झोपल्या झोपल्याच हात वर करून तिला थांबवलं आणि शेजारच्या खिडकीकडे तोंड केलं.

"नर्सबाई," त्यांनी हाक मारली, "पडलेला माणूस दिसतो का तिथून?"