शेजारच्या खोलीतले डॉक्टर

व्हीलचेअरमध्ये पोट धरून कळवळणाऱ्या मावशींसमोर कालिंदी सिस्टर टॅब घेऊन उभी होती. नंबर सतरावा. पाऊण तास झाला, अजून सतरावाच.

रुग्णालयाला डॉक्टर एकच. तेही शेजारच्या खोलीत दार ओढून सकाळपासून चार तालुक्यांतले पेशंट स्क्रीनवर तपासत होते, कारण डॉक्टरांची टंचाई. ड्यूटी संपेपर्यंत दार वाजवू नये, इथल्या पेशंटनीही स्क्रीनवरच नंबर लावावा, असा वरून आलेला कागद दारावर चिकटवलेला.

"बाई, जीव चालला गं माझा," मावशी म्हणाल्या.

"थांबा हो. कुठला ना कुठला डॉक्टर स्क्रीनवर येईलच आता," सिस्टर करवादली.

अखेर टॅब वाजला. स्क्रीनवर शेजारच्या खोलीतलेच डॉक्टर होते.

"बोला, कुठल्या गावाहून?" त्यांनी मान वर न करता विचारलं. आवाज टॅबमधून आला, तसाच भिंतीपलीकडूनही.

"पेशंटच्या पोटात दुखतंय, सर. उजवीकडे, खाली."

"तिथे जरा दाबून बघा, सिस्टर."

सिस्टरने टॅब मावशींच्या मांडीवर टाकला, खुर्ची ढकलत नेली आणि शेजारचं दार सताड उघडलं.

"भिंतीपलीकडून आलोय, सर. आता तुम्हीच दाबून बघा."