कोमल गंधाराचा खिळा

नीज रे माझ्या पाखरा, पान पानाशी निजलं...

आवाज बारीक होता. अगदी कानाशी होता. ‘पाखरा’च्या शेवटी तो हळूच खाली यायचा, अंधारात पायरी चुकावी तसा, आणि तिथेच जरा थरथरायचा. पाठीवर एक हात थोपटत असायचा. आईची म्हणून घड्याळजीकडे एवढीच आठवण होती. तिचा चेहरा त्याने फोटोत पाहिलेला, बाकीच्या गोष्टी दुसऱ्यांनी सांगितलेल्या. “इतक्या लहानपणीचं कुणाला आठवतं का?” लोक विचारायचे. “मला आठवतं,” तो म्हणायचा. “दोन-अडीच वर्षांचा असेन मी.” आई नेमकी कधी गेली, हा विषय घरात कुणी काढत नसे.

“हा सूर चुकलाय,” शेजारी झबल्याला काज करत बसलेली ताई म्हणाली.

घड्याळजीने डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. समोर बाकावर सुरांची डबी उघडी पडली होती. पितळेचा बोटभर रूळ, त्यावर केसाएवढे खिळे. रूळ फिरला की एकेक खिळा पोलादी फणीचा एकेक दात छेडायचा आणि गाणं उमटायचं. डबी त्याच्या मुलीसाठी होती. मुलगी बारा दिवसांची होती, आणि आजीचं गाणं तिने या डबीतून ऐकायचं होतं. फक्त ‘पाखरा’चा खिळा बसायचा राहिला होता. पलीकडे मंद स्टोव्हवर लाख वितळत होती. ती रुळाच्या पोटात ओतली की सगळे खिळे जन्माचे पक्के. मग बदल नाही.

“चुकला कसा? नीट ऐक.” त्याने सुईने पुन्हा दात छेडले. सा, रे, आणि मग कोमल गंधार. तीनच सूर, पण खोलीतून कुणीतरी न सांगता उठून गेल्यासारखं वाटलं.

“आता शेजारचा वाजव.”

त्याने वाजवला. सा, रे, शुद्ध गंधार. कुणीतरी खिडकी उघडली जणू.

“हाच,” ताई म्हणाली. “आई असंच म्हणायची.”

“ताई, तू आपली काज-बटणं बघ.”

“बघतेच आहे. काज दोन धागे सरकलं तर बटण लागत नाही, एवढं कळतं मला. तुझ्या या फणीत तरी दुसरं काय आहे?”

तो हसला. तिचं म्हणणं खरंच होतं. दोन दातांमध्ये नखाएवढंही अंतर नव्हतं. शब्द तेच, चाल तीच. एक खिळा जरा इकडे बसला की गाणं हसायचं, जरा तिकडे बसला की त्याचे डोळे भरून यायचे. इतकी वर्षं घड्याळं उघडण्यात गेली, पण एवढ्याशा फटीत एवढं मोठं काही मावताना त्याने पाहिलं नव्हतं.

“बाळासाठी करतोस ना? मग हसरं कर की,” ताईने मांडीवरची नवी झबली पिशवीत घातली. “एवढा हट्ट कशाला?”

“हट्ट नाही. खरं आहे ते ठेवतोय.”

“काय खरं?”

त्याने भिंग काढून बाकावर ठेवलं. रूळ बोटांत फिरवत तो बोलू लागला.

“मी झालो आणि आई आजारी पडली. मला कुणी तोंडावर बोललं नाही, पण कळायचं ना. तिच्या गाण्याचे शब्द बघ, कसे लाडाचे आहेत. तरी ‘पाखरा’ म्हणताना तिचा सूर उतरायचा. शब्दांत माणूस लपवू शकतो, ताई. सुरात नाही लपवता येत. मला मांडीवर घेऊन ती सुखी नव्हती.” त्याने खिळा चिमट्यात धरला. “तरी थोपटायची. म्हणून हा असाच बसवणार. माझ्या वाट्याला जशी आली, तशीच ती पोरीला भेटू दे.”

लाखेला बुडबुडे येऊ लागले. तो उठणार, तोच ताईने हात लांबवून स्टोव्ह बंद केला.

ही आठवण त्याच्या तोंडून तिने शंभरदा ऐकली होती आणि शंभरदा ती गप्प बसली होती. याच्याकडे आईचं दुसरं आहे तरी काय, राहू दे तेवढं, असं तिला वाटायचं. पण तेच त्याला आत कुठेतरी सलत असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

“आई तुला घेऊन खिडकीत बसायची,” ती म्हणाली. “तिला खोकला यायचा, तो थांबला की गाणं पुन्हा पहिल्यापासून. सूर खणखणीत असायचा तिचा. बाबा चिडवायचे, अगं, पोराला झोपवतेस की गल्लीला उठवतेस? ती आणखी मोठ्याने म्हणायची. इतकी खूश होती ती तुझ्यावर.”

“मग मला आठवतो तो आवाज?”

ताईने त्याच्याकडे पाहिलं नाही. बोलताना तिचा आवाज बारीक झाला.

“तो माझा आहे रे. आई गेली तेव्हा तू जेमतेम सव्वा वर्षाचा होतास. पुढे तीन-चार वर्षं मीच तुला थोपटायचे. दहा वर्षांची होते मी, आणि ‘पाखरा’ म्हणताना मलाच आईची आठवण यायची.”